न वाचलेल्या पुस्तकांचा निकाल कोणत्या कसोटीवर लावायचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयाच्या मागच्या खोलीचे छत गळू लागले आणि तिथली सहा कपाटे पुढच्या दालनात आणावी लागली. दालनात मुळातच पाय ठेवायला जागा नव्हती. कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव झाला की गेल्या दहा वर्षांत एकदाही सभासदाच्या घरी न गेलेली पुस्तके निर्लेखित करावीत, म्हणजे दाखल नोंदवहीतून कमी करून रद्दीत द्यावीत. संगणकावरून यादी काढली, ती बाराशेच्या आसपास भरली. ग्रंथनिवड समितीचा सदस्य म्हणून ती तपासून सही करण्याचे काम माझ्याकडे आले. ठरावाच्या वेळी मीही हात वर केला होता. त्यानंतरचे दोन महिने ही पुस्तके एकेक करून हातात घेण्यात गेले आणि त्या दोन महिन्यांत माझे मत बदलले.

ते मत आधीच सांगून टाकतो. सार्वजनिक वाचनालयाने पुस्तके काढलीच पाहिजेत, आणि ती दरवर्षी, न चुकता काढली पाहिजेत. मात्र एखादे पुस्तक कोणी वाचले नाही, एवढेच कारण ते काढायला पुरेसे नाही. न वाचले जाणे ही त्या पुस्तकाविषयीची माहिती असतेच असे नाही. पुष्कळदा ती आपल्या कपाटांविषयीची, आपल्या नोंदींविषयीची आणि आपल्या कारभाराविषयीची माहिती असते.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की आमच्या यादीतला ‘दहा वर्षे’ हा शब्दच फसवा आहे. देवघेवीची नोंद संगणकावर आली, तेव्हा आधीच्या कार्डांवरचा इतिहास कोणी भरला नव्हता, त्यामुळे १९८५ साली दर महिन्याला बाहेर जाणारे पुस्तकही संगणकाच्या लेखी जन्मापासून अस्पर्श राहिले. मधली महामारीची दोन वर्षे वाचनालय बहुतेक काळ बंद होते किंवा अर्धवट चालू होते, ती वर्षेही या दहांत धरलेली. मागच्या खोलीतली कपाटे तर कुलूपबंद असत आणि किल्ली शिपायाकडे असे. पुस्तक मागण्यासाठी ते तिथे आहे हे आधी कळायला हवे, आणि ते कळण्यासाठी लागणारी तालिका शेवटची केव्हा छापली होती, हे कार्यालयातल्या कोणालाही सांगता आले नाही. ज्या पुस्तकाचा आणि वाचकाचा समोरासमोर सामनाच झाला नाही, त्या पुस्तकाला वाचकांनी नाकारले असे म्हणणे हा सरळसरळ अन्याय आहे.

त्यात वाचनकक्षाचा प्रश्न वेगळाच. घरी नेलेल्या पुस्तकाची नोंद होते. टेबलावर बसून तासभर चाळलेल्या, त्यातून दोन पाने उतरवून घेतलेल्या पुस्तकाची नोंद होत नाही. यादीतल्या पुस्तकांमध्ये ९६ पानांची एक पातळ पुस्तिका होती. आमच्या तालुक्यातल्या जुन्या विहिरी आणि बारवा यांची गावनिहाय नोंद करणारी, एका निवृत्त शिक्षकाने स्वतःच्या खर्चाने छापलेली. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी कोरी होती, एकही शिक्का नव्हता. पण आत समासात तीन वेगवेगळ्या हातांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. एका ठिकाणी कोणी विहिरीच्या पायऱ्यांची संख्या खोडून स्वतः मोजलेली लिहिली होती आणि त्याखाली उन्हाळ्यातल्या एका दिवसाची तारीख घातली होती. मुखपृष्ठाचा कोपरा हाताळून मऊ पडला होता. म्हणजे हे पुस्तक वाचले गेले होते, त्याच्याशी वाद घातला गेला होता, आणि ते घेऊन कोणी उन्हात विहिरीपर्यंत चालतही गेले होते. संगणकाला यातले काहीच ठाऊक नव्हते आणि त्या संगणकाच्या भरवशावर मी त्या पुस्तिकेपुढे फुली मारणार होतो.

याच्या विरुद्ध बाजूचे म्हणणेही भक्कम आहे आणि ते बाजूला सारून चालणार नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात १९७०च्या दशकात ग्रंथालयाच्या वापराचा मोठा अभ्यास झाला, त्याचा अहवाल १९७९ साली प्रसिद्ध झाला. १९६९ साली विकत घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नाहीत, असे त्यात आढळले. अभ्यासकांनी पुढचा हिशोबही मांडला: जे पुस्तक पहिल्या दोन वर्षांत कोणी नेले नाही, ते पुढे कधी नेले जाण्याची शक्यता चारात एक, आणि जे सहा वर्षांत नेले नाही, त्याची शक्यता पन्नासात एक. हा आकडा पुढे करून कोणीही विचारू शकेल की एका पुस्तकासाठी उरलेल्या एकोणपन्नासांना जागा, कपाट, झाडू आणि कीटकनाशक का पुरवायचे? प्रश्न रास्त आहे. गावातल्या वाचनालयाला तर तो अधिकच लागू पडतो, कारण विद्यापीठाकडे निदान इमारत असते.

परंतु पन्नासातले ते एक कोणते, हे त्या हिशोबातून कळत नाही. सगळा प्रश्न तिथेच आहे. पन्नास पुस्तके एकाच मापाने मोजून काढली, तर एकोणपन्नासांच्या बाबतीत फारसे काही बिघडत नाही, पण पन्नासावे गेले की कधी कधी ते सगळ्या मराठी मुलखातूनच जाते.

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकाचे उदाहरण या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवते. बुलढाण्याच्या या बाईंनी लिहिलेले हे छोटे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. प्रती काढल्या ५००, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकात त्याची बाजू घेतली, एवढा अपवाद सोडला तर ते बघता बघता विस्मरणात गेले. ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिल्याचे दिसत नाही. १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केले, तेव्हा मधली ९३ वर्षे उलटली होती. आज मराठीतल्या आणि भारतातल्या स्त्रीवादी विचाराची चर्चा या पुस्तकाला वगळून कोणी करू धजणार नाही. आता १९३० सालच्या एखाद्या वाचनालयात आमच्या ठरावासारखाच ठराव झाला असता अशी कल्पना करावी. गेल्या दहा वर्षांत हे पुस्तक कोणी मागितले? बहुधा कोणीच नाही. नियम तंतोतंत पाळणाऱ्या प्रामाणिक ग्रंथपालाने ते काढले असते आणि त्याच्यावर कोणी ठपकाही ठेवला नसता. ते टिकले याचे कारण एवढेच की कुठेतरी, कोणाच्या तरी कपाटात ते तसेच राहून गेले.

यावर म्हणता येईल की प्रत्येक न वाचलेले पुस्तक ‘स्त्री-पुरुष तुलना’ नसते. खरे आहे. आमच्या बाराशेंत तसे एकही नसेल. मी हे उदाहरण देतो ते पुस्तकाच्या थोरवीसाठी नव्हे, तर प्रतींच्या संख्येसाठी. पाचशे प्रती निघालेल्या पुस्तकाच्या बाबतीत प्रत्येक वाचनालय स्वतःपुरता शहाणपणाचा निर्णय घेते आणि त्या सगळ्या शहाणपणाच्या निर्णयांची बेरीज म्हणजे पुस्तकाचा समूळ नाश, असे होऊ शकते. म्हणून पुस्तक चांगले की वाईट, वाचले की न वाचले, यापेक्षा आधी विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे: आमच्याकडून हे गेले, तर ज्याला ते हवे असेल त्याला ते कुठे मिळेल?

या एका प्रश्नाने आमची यादी आश्चर्य वाटावे इतक्या लवकर दोन भागांत पडली.

एका बाजूला ती पुस्तके, ज्यांच्याविषयी मनात दयामाया ठेवण्याचे कारण नाही. स्पर्धा परीक्षांची वीस वर्षांपूर्वीची मार्गदर्शके, ज्यांतले अभ्यासक्रमच आता नाहीत. मूल्यवर्धित कराचे विवरणपत्र कसे भरावे हे सांगणारी पुस्तके, जी १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला त्या दिवशी सामान्य व्यापाऱ्याच्या दृष्टीने संपली. भारतीय दंड संहितेची सुलभ मराठी ओळख करून देणाऱ्या चार प्रती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, कलमांचे क्रमांक बदलले, आणि त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेखाली चालतात म्हणून एक प्रत ठेवण्याला अर्थ आहे, चार ठेवण्याला नाही. घरगुती औषधोपचारांची जुनी पुस्तके, ज्यांतले काही सल्ले आज डॉक्टर धोक्याचे मानतात. ही शेवटची पुस्तके तर न वाचली गेली हेच बरे झाले, आणि ती कपाटात असणे म्हणजे वाचनालयाने त्या सल्ल्याखाली आपला शिक्का मारण्यासारखे आहे. लोकप्रिय कादंबऱ्यांच्या एकेकाळी मागणीमुळे घेतलेल्या पाच-पाच प्रतींपैकी चार जीर्ण प्रती. मूळ ग्रंथ अन्यत्र सहज मिळतो, अशी हाताळून फाटलेली पुस्तके. यांतली काही पुस्तके तर भरपूर वाचली गेली होती, म्हणजे आमच्या यादीत ती नव्हतीच. ती मी माझ्या मनाने काढायच्या ढिगात टाकली. न वाचलेले ते काढायचे आणि वाचलेले ते ठेवायचे, या नियमाने खरी अडगळ जागच्या जागी राहते, हेही त्यातून दिसले.

दुसऱ्या बाजूला उरली ती पुस्तके संख्येने थोडी होती, तीनशेच्या आत. गावाच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. शेजारच्या तालुक्यातल्या सहकारी कारखान्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांचा इतिहास. दोन कुलवृत्तांत. १९५०च्या दशकातल्या एका स्थानिक कवीचा संग्रह, ज्याची छापखान्यातून जोडलेली आलेली पाने अजून कापून मोकळी केलेली नव्हती. १९७२च्या दुष्काळातल्या रोजगाराच्या कामांवरची एक टिपणवजा पुस्तिका. ही पुस्तके मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांत असतीलच, अशी माझीही समजूत होती. १९५४च्या केंद्रीय कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ग्रंथालये यांना ३० दिवसांत पाठवायची असते. परंतु ज्याने आयुष्यात एकदाच, स्वतःच्या पैशाने, गावातल्या छापखान्यात पुस्तक छापून घेतले आणि प्रती नातेवाइकांना आणि वाचनालयाला वाटल्या, त्याला या कायद्याचे नावही ऐकून माहीत नसते. शं. ग. दाते यांनी आयुष्य खर्ची घालून १८०० ते १९३७ आणि पुढे १९५०पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची तयार केली, म्हणून त्या काळात काय काय छापले गेले ते निदान समजते. पण सूचीत नाव असणे म्हणजे प्रत हाताशी असणे नव्हे, आणि त्यानंतरच्या काळातल्या खेड्यापाड्यांतल्या छपाईला असा दाता लाभला नाही.

हा प्रश्न आमच्या एका वाचनालयाचा नाही, म्हणूनच हे लिहितो आहे. काही राज्यांत ग्रंथालय कर आहे आणि शासनच ग्रंथालये चालवते. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वेगळी वाट घेतली: वाचनालय लोकांनी संस्था म्हणून काढायचे, चालवायचे, आणि शासनाने त्याला मान्यता आणि वार्षिक अनुदान द्यायचे. या वाटेने राज्यभर हजारो वाचनालये उभी राहिली, ही मोठी गोष्ट आहे. वाचनालयांची परंपरा तर त्या कायद्याहून पुष्कळ जुनी: रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चे. या परंपरेचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा. पण याच रचनेमुळे कोणते पुस्तक राहील आणि कोणते जाईल, हा निर्णय शेवटी गावोगावच्या कार्यकारी मंडळांच्या हाती आहे, आणि त्या मंडळांना तो कसा घ्यावा हे कोणी शिकवलेले नाही.

त्यातही शासनमान्य वाचनालयाचा वर्ग, अ, ब, क किंवा ड, ठरवताना ग्रंथसंख्या हा एक निकष असतो आणि वर्गावर अनुदान अवलंबून असते. याचा परिणाम काय होतो ते आत राहून पाहिले आहे. ग्रंथसंख्या कमी झाली तर वर्ग धोक्यात येईल, या भीतीने कोणी वर्षानुवर्षे एकही पुस्तक काढत नाही. मुदत संपलेली मार्गदर्शके, वाळवीने पोखरलेले खंड, पाने गळालेल्या कादंबऱ्या, सगळे मोजणीसाठी जपले जाते. मग एके दिवशी छत गळते, किंवा इमारत पाडायची ठरते, किंवा कपाटाला कसर लागल्याचे कोणाच्या तरी लक्षात येते, आणि तीस वर्षांत जे काम थोडे थोडे करायचे होते ते आठ दिवसांत, काट्यावर तोलून, किलोच्या भावाने उरकले जाते. एरवी एकही पुस्तक न काढणे आणि प्रसंग आला की सरसकट काढणे, या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात, पण त्या एकाच निकषाची दोन टोके आहेत. पुस्तकांची मोजणी करणारा नियम पुस्तकांची पारख करू देत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी शासनाकडे आहे. योग्य रीतीने, कारण नोंदवून निर्लेखित केलेल्या पुस्तकांमुळे वाचनालयाचा वर्ग खाली येणार नाही, अशी तरतूद व्हावी. ग्रंथसंख्येइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक वजन गेल्या पाच वर्षांत संग्रह किती तपासला गेला, तालिका अद्ययावत आहे का, कपाटे वाचकाला उघडी आहेत का, याला द्यावे. तपासणीला येणारे अधिकारी दाखल नोंदवहीतला शेवटचा आकडा पाहतात. त्यांनी निर्लेखनाची नोंदही तितक्याच आस्थेने पाहावी आणि ‘जीर्ण’ या एकाच शब्दाखाली शंभर पुस्तके काढलेली दिसली, तर प्रश्न विचारावा.

दुसरी मागणी अधिक खर्चाची आहे, तरीही ती केल्यावाचून राहवत नाही. फिनलंडमध्ये क्युओपिओ या शहरात १९८९पासून एक राष्ट्रीय साठवण ग्रंथालय आहे. देशभरातली ग्रंथालये आपल्याकडची क्वचित लागणारी पुस्तके तिथे पाठवतात आणि मागणी आली की तिथून ती पुन्हा दिली जातात. त्यामुळे गावातल्या ग्रंथपालाला पुस्तक काढताना ते मारल्याची भावना बाळगावी लागत नाही. ते कपाटातून जाते, जगातून जात नाही. आपल्याकडे बहुतेक जिल्ह्यांत शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे. त्यातली एक कोरडी खोली ‘जिल्ह्यातली शेवटची प्रत’ ठेवण्यासाठी राखून ठेवावी, जिल्ह्यातल्या सर्व वाचनालयांनी निर्लेखनाआधी आपली यादी तिथे पाठवावी, आणि ज्या पुस्तकाची प्रत जिल्ह्यात अन्यत्र नाही ते पुस्तक रद्दीऐवजी तिथे जावे. आमच्या तीनशे पुस्तकांना दोन कपाटे पुरतील. सगळ्या जिल्ह्याचा विचार केला, तरी एखाद्या सभागृहाच्या रंगरंगोटीपेक्षा हा खर्च जास्त असणार नाही.

हे सगळे स्कॅन करून टाका म्हणजे झाले, असे तरुण मंडळी सुचवतात, आणि त्यांच्या सूचनेमागची कळकळ मला मान्य आहे. परंतु भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. ज्या स्थानिक लेखकांच्या पुस्तकांविषयी आपण बोलतो आहोत, त्यांतले बहुसंख्य या मुदतीत येतात आणि त्यांचे वारस कोण, कुठे, हे शोधणे दुरापास्त असते. प्रताधिकार कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते, पण त्याची अट अशी की मूळ छापील प्रत त्या ग्रंथालयाकडे असली पाहिजे. म्हणजे आधी पुस्तक रद्दीत घालून मग त्याचे जतन करू, हा मार्ग कायद्यानेही मोकळा नाही. शिवाय स्कॅन करणाऱ्याने समास कापला, तर विहिरीच्या पायऱ्या मोजणाऱ्याची दुरुस्ती कापली जाते. स्कॅन जरूर करावे. ते छापील प्रत टाकून देण्याचा परवाना समजू नये.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचा दाखला या वादात दोन्ही बाजू देतात. पुस्तके उपयोगासाठी आहेत, हे पहिले सूत्र काढणाऱ्यांच्या तोंडी असते. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे तिसरे सूत्र ठेवणाऱ्यांच्या. पण पाचव्या सूत्राकडे, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे या विधानाकडे, फारसे कोणी नीट पाहत नाही. वाढ दोन प्रकारची असते. लहान मुलाची उंची वाढते. मोठ्या माणसाची उंची तेवढीच राहते, पण त्याच्या शरीरातल्या जुन्या पेशी जाऊन नव्या येत राहतात. आमच्यासारख्या वाचनालयांचे उंची वाढण्याचे दिवस केव्हाच संपले. आता पेशी बदलण्याचे काम आहे, आणि ते रोजचे काम असते. साठवून एका दिवसात उरकता येत नाही. तिसऱ्या सूत्राचाही मला लागलेला अर्थ असा: वाचक मिळवून देणे हे पुस्तकाचे काम नाही, ते वाचनालयाचे काम आहे. आधी ते काम केले का, हे तपासल्याशिवाय पुस्तकाला दोष देता येत नाही.

हे आम्ही करून पाहिले. ठरावाच्या यादीतली, काढावीत की ठेवावीत याची शंका असलेली सुमारे दोनशे पुस्तके देवघेवीच्या टेबलाशेजारी एका उघड्या कपाटात मांडली आणि वर पाटी लावली की ही पुस्तके आजवर कोणी नेली नाहीत, तीन महिन्यांनंतर ती काढण्याचा विचार आहे, कोणाला ठेवावीशी वाटत असतील तर वहीत कारण लिहावे. यादी सूचना फलकावरही लावली. काहींना हे आवडले नाही. वाचनालयाची लक्तरे चव्हाट्यावर कशाला, असे एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे पडले. मला उलट वाटते. ही पुस्तके सभासदांच्या वर्गणीतून आणि सरकारी अनुदानातून, म्हणजे लोकांच्या पैशातून आलेली आहेत आणि त्यांचा निर्णय बंद दाराआड झाला, की उद्या कोणाला नकोसे असलेले पुस्तकही ‘कोणी वाचत नाही’ या निरुपद्रवी शब्दांआड सहज काढता येते. अमेरिकेतल्या अर्बाना या छोट्या शहराच्या ग्रंथालयात २०१३ साली दहा वर्षांपेक्षा जुनी माहितीपर पुस्तके निव्वळ तारखेच्या यादीवरून काढायला सुरुवात झाली, तेव्हा लोकांना ते कळले आणि त्यांनी जाब विचारला. आपल्याकडे पुस्तके गेल्याचे कळतच नाही, कारण ती होती हेच कोणाला माहीत नसते.

कपाट मांडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात वहीत पहिली नोंद पडली. दुष्काळाच्या पुस्तिकेसमोर एका महाविद्यालयीन मुलीने लिहिले होते की तिच्या आजीने त्या कामावर खडी फोडली होती आणि पुस्तिकेत त्या तलावाचे नाव आहे. ती पुस्तिका तिने नेली. न कापलेल्या पानांच्या कवितासंग्रहाला मात्र तीन महिन्यांत कोणी हात लावला नाही. मी स्वतः कागद कापायच्या पट्टीने त्याची पाने मोकळी केली आणि तो वाचला. कविता साधारण आहेत, असे माझे प्रामाणिक मत झाले. तरीही तो काढण्याच्या कागदावर मी सही केलेली नाही, कारण जिल्ह्यातल्या ज्या अकरा वाचनालयांकडे आम्ही चौकशी केली, त्यांतल्या एकाकडेही त्याची प्रत नाही. एका साधारण संग्रहासाठी एवढी जागा द्यावी का, असा प्रश्न मंडळातल्या सहकाऱ्यांनी विचारला आहे. त्या संग्रहाची जाडी माझ्या करंगळीएवढी आहे.

बाराशेंपैकी साडेआठशेच्या आसपास पुस्तके आम्ही काढली, प्रत्येकापुढे कारण लिहून काढली, आणि त्याबद्दल मला कसलीही खंत नाही. कपाटांत आता हात घालता येतो. मुलांची पुस्तके त्यांच्या उंचीच्या फळीवर आली आहेत. चाळीसएक पुस्तके अजून टेबलावर आहेत, ज्यांविषयी समितीत एकमत नाही: त्यांत एक कुलवृत्तांत आहे, विषय जुना झालेली पण भाषा सुरेख असलेली शेतीवरची दोन पुस्तके आहेत आणि त्या कवीचा संग्रहही आहे. पुढची सभा महिनाअखेरीस आहे. तोवर ही पुस्तके टेबलावरच राहतील आणि आलेल्या प्रत्येकाला ती उघडून पाहता येतील.